नुसतं पडून तर आहेत, त्यांना कशाला एवढं?

"अहो मॅडम, ते नुसते पडून तर असतात. त्यांना कशाला एवढं खायला?"

रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागल्यापासून हे वाक्य मी ऐकत आले आहे. कधी सून म्हणते, कधी मुलगा, कधी पेशंट स्वतःच हाताने नको नको करतो. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पचायला जड जाईल, पोट फुगेल, बसून खाल्लेलं अंगावर येईल, अशी काळजी असते. पण या एका समजुतीपायी मी इतकी माणसं डोळ्यांदेखत वाळताना पाहिली आहेत की यावर एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

आपण अन्नाचा हिशोब कष्टाशी बांधून ठेवलाय. राबणाऱ्याचं ताट मोठं, बसणाऱ्याचं लहान. 'दे रे हरी पलंगावरी' ही म्हण आळशासाठी आहे, पण तिच्यातला पलंग नकळत आजारी माणसाच्या खाटेलाही चिकटतो. त्यात व्यायामाच्या यंत्रावर 'इतक्या कॅलरी जळल्या' असा आकडा झळकतो, त्यामुळे जे काही जळतं ते घाम गाळतानाच जळतं असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात बैठं आयुष्य जगणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जेतली ६० ते ७० टक्के ऊर्जा तो काहीच करत नसताना खर्च होते. अन्न पचवायला आणि साठवायला साधारण १० टक्के जाते. चालणं, फिरणं, कामधाम, व्यायाम हे सगळं उरलेल्यात बसतं.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. आमच्याकडे हा खर्च मोजायचं एक यंत्र आहे. पेशंटला उताणं झोपवायचं, डोक्यावर पारदर्शक घुमटासारखं झाकण ठेवायचं, कडेने प्लास्टिकचा पडदा मानेभोवती नीट खोचायचा. बोलायचं नाही, हलायचं नाही, झोपायचंही नाही. अर्धा तास तो फक्त श्वास घेतो आणि बाजूच्या पडद्यावर दोन रेषा सरकत राहतात. एक आत घेतलेल्या ऑक्सिजनची, दुसरी बाहेर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची. सुरुवातीला दोन्ही रेषा उड्या मारतात, कारण माणूस नवख्या झाकणाखाली बावरलेला असतो. दहाएक मिनिटांनी त्या संथ होतात. तिथून पुढचे आकडे खरे.

समजा एखाद्या मध्यम बांध्याच्या माणसाचा ऑक्सिजन मिनिटाला २०० मिलिलिटर आला. म्हणजे दिवसाला २८८ लिटर. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ४.८ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. गुणाकार केला की १,३८० किलोकॅलरी. साठ-सत्तर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता तो माणूस अंथरुणात पडल्या पडल्या रात्रंदिवस बाहेर टाकत असतो. (आहाराच्या बोलण्यात आपण ज्याला कॅलरी म्हणतो, ती खरं तर किलोकॅलरी असते.)

दोन रेषांच्या गुणोत्तरातून आणखी एक गोष्ट कळते आणि मला ती दर वेळी तितकीच आवडते. ग्लुकोजचा एक रेणू जळताना सहा रेणू ऑक्सिजन लागतो आणि सहाच रेणू कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून गुणोत्तर बरोबर १ येतं. मेद जळताना ऑक्सिजन जास्त लागतो आणि गुणोत्तर ०.७ च्या आसपास उतरतं. सुई न टोचता, नुसत्या श्वासावरून, आत्ता या माणसाच्या पेशी काय जाळताहेत याचा अंदाज येतो. वजन उतरतं तेव्हा चरबी जाते कुठे, असं पुष्कळ जण विचारतात. घामातून, शौचातून, स्नायूंत, अशी उत्तरं त्यांनीच मनाशी धरलेली असतात. २०१४ साली रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा साधा हिशोब मांडला. दहा किलो मेद पूर्ण जळला तर त्यातला सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो आणि बाकीचं पाणी होतं. आपण बारीक होतो ते मुख्यतः उच्छ्वासातून.

श्वास म्हणजे एक प्रकारचं जळणं, हे ओळखणारा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लासने एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होईस्तोवर कोळसा जाळला तर किती बर्फ वितळतो, तेही पाहिलं. आकडे बरेच जवळ आले. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेत विल्बर ॲटवॉटरने माणूस आत राहू शकेल एवढी खोलीच बांधली आणि आत राहणाऱ्याची उष्णता, श्वास आणि अन्न यांचा मेळ घातला. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४, मेद ग्रॅमला ९ किलोकॅलरी, हे अन्नाच्या वेष्टनांवर आजही दिसणारे आकडे त्याच्याच कामातून आलेले आहेत.

मग पडून असलेला माणूस नेमकं करतो तरी काय?

मेंदू वजनाने शरीराचा जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतल्या ऊर्जेपैकी २० टक्क्यांच्या आसपास एकटा घेतो. आपण गणित सोडवत असू की छताकडे बघत असू, त्याला विशेष फरक पडत नाही. यकृत जवळपास तेवढंच घेतं. हृदय आणि मूत्रपिंडं आकाराने लहान, पण किलोमागे हिशोब केला तर सगळ्यांत खर्चीक हेच अवयव आहेत, दिवसाला किलोमागे सुमारे ४४० किलोकॅलरी. विश्रांतीतल्या स्नायूला किलोमागे १३ पुरतात आणि चरबीला साडेचार. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटरच्या घरात द्रव गाळतात आणि त्यातला लिटर-दीड लिटर वगळता सगळा परत रक्तात घेतात. हे काम पेशंट चालला म्हणून वाढत नाही आणि झोपला म्हणून थांबत नाही.

त्याच्याही आत, पेशीच्या पातळीवर, सोडियम बाहेर ढकलायचं आणि पोटॅशियम आत ओढायचं काम अखंड चालू असतं. विश्रांतीतल्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा नुसता या पंपावर जातो. तो थांबला तर पेशी फुगतात, मज्जातंतू संदेश नेत नाहीत, हृदयाचा ठोका पडत नाही. १९५७ साली डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्काउने खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप शोधला. त्या पंपाला चालवतो एटीपी नावाचा रेणू. अन्नातली ऊर्जा पेशीला थेट वापरता येत नाही, ती आधी एटीपीत उतरवावी लागते. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं. त्यांच्या आतल्या पडद्यात बसलेलं एक विकर (एन्झाइम) अक्षरशः गोल फिरत एटीपी घडवतं. ते कसं चालतं हे पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांनी उलगडलं. १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळून दिलं गेलं. एटीपी घडवणाऱ्या यंत्रणेचा उलगडा करणारे दोघे आणि तो खर्च करणाऱ्या यंत्रणेचा शोध लावणारा तिसरा एकाच मंचावर आले, याचा मला फार आनंद वाटतो.

कुठल्याही क्षणी अंगात असलेला एटीपी शंभर ग्रॅमच्या आगेमागे भरेल. पण तोच मोडून, पुन्हा घडवून, पुन्हा मोडून, दिवसभरात जवळजवळ आपल्या वजनाइतका एटीपी वापरला जातो. साठा नाहीच, आहे ती सतत उलाढाल. ती काही मिनिटं थांबली तर काय होतं, हे आयसीयूत काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

नातेवाइकांचा दुसरा मुद्दा असतो तो साठ्याचाच. "अंगावर चरबी आहे की चांगली. चार दिवस नाही खाल्लं तर काय बिघडलं?" बिघडतं, आणि ते समजावताना मी खाटेशेजारी खुर्ची ओढून बसते, कारण हे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

सबंध रक्तात मिळून ग्लुकोज असतं चार-पाच ग्रॅम. चमचाभर. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात शंभरेक ग्रॅमचा साठा असतो, तो दिवसभरात संपत येतो. स्नायूंत त्याच्या चौपट असतं, पण ते रक्तात सोडण्यासाठी लागणारं विकर स्नायूंकडे नाही, म्हणून ते तिथल्या तिथेच वापरलं जातं. चरबी किलोंच्या हिशोबात असते हे खरं. पण मेदाच्या रेणूतला ग्लिसरॉलचा लहानसा भाग सोडला तर माणसाचं शरीर चरबीपासून ग्लुकोज बनवू शकत नाही. आणि ग्लुकोज तर लागतंच. तांबड्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यांचं सगळं ग्लुकोजवर. मेंदूला एरवी दिवसाला १२० ग्रॅमच्या घरात ग्लुकोज लागतं. मग ते आणायचं कुठून? स्नायू मोडून. स्नायूंतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं सुटी होतात, यकृत त्यांतून ग्लुकोज घडवतं.

निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर काही दिवसांत शहाणपणाची वाट काढतं. यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू ते वापरायला लागतो. १९६७ साली जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी देखरेखीखाली पाच-सहा आठवडे उपास करणाऱ्या लठ्ठ व्यक्तींवर मोजमाप करून दाखवलं की तेव्हा मेंदूची जवळपास दोन तृतीयांश गरज कीटोन भागवतात. त्यामुळे स्नायू मोडायचा वेग पुष्कळ उतरतो. इथवर ऐकून माणसं निश्चिंत होतात. पण ही सोय निरोगी उपाशी माणसाची आहे. मोडलेलं हाड, मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, यांत दाहाचे आणि ताणाचे संदेश इतके जोरात असतात की स्नायू मोडणं थांबत नाही. १९३० च्या सुमारास ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसनने लांब हाडं मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला, तेव्हा त्याला अपेक्षेपेक्षा फार जास्त नायट्रोजन सापडला. तो एकट्या दुखावलेल्या पायातून येणं शक्यच नव्हतं. सगळं शरीर आपले स्नायू झिजवत होतं. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ओल्या स्नायूच्या हिशोबात तीसेक ग्रॅम. दिवसाला दहा ग्रॅम नायट्रोजनची तूट पडली तर रोज पाव किलोहून अधिक स्नायू गेला. पलंगावर, काहीही न करता.

ताप आला तर एका अंश सेल्सिअसमागे विश्रांतीतला खर्च दहा टक्क्यांहून थोडा अधिकच वाढतो. मोठ्या भाजण्यात तो दीड-दोन पटीपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा 'नुसता पडून' असलेला माणूस वॉर्डात धावपळ करणाऱ्या सिस्टरइतकी ऊर्जा खर्च करत असू शकतो.

उलट टोकाचीही एक गोष्ट आहे. "त्यांना काही करावंसंच वाटत नाही, कशात रस उरला नाही, म्हणून जेवत नाहीत." यातलं कारण आणि परिणाम पुष्कळदा उलटे असतात. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं आणि विश्रांतीतला ऊर्जाखर्च ४० टक्क्यांच्या आसपास घसरला. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजायला लागली, चिडचिड वाढली, माणसांत मिसळणं नकोसं झालं. ही धडधाकट, उत्साहाने पुढे आलेली मुलं होती. भुकेने त्यांना तसं केलं. म्हणून मी घरच्यांना सांगते, आजोबा उदास आहेत म्हणून खात नसतील, हे शक्य आहे. पण ते कित्येक आठवडे पोटभर न खाल्ल्यामुळे उदास आणि गारठलेले असतील, हेही तितकंच शक्य आहे.

आता एक धोक्याचं. इतकं सगळं ऐकल्यावर घरची माणसं दुसऱ्या दिवशी भरलेला डबा घेऊन येतात आणि मला तो थांबवावा लागतो. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घालणं जीवावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी युद्धकैद्यांमध्ये हे ठळकपणे दिसलं. उपासात इन्सुलिन खाली गेलेलं असतं. अचानक कर्बोदकं आली की ते उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचलं जातं. एटीपी घडवायलाच फॉस्फेट लागतं. ते रक्तात कोसळलं की श्वासाचे स्नायू दमतात, हृदयाची लय बिघडते. शिवाय ग्लुकोज पुढे जाळायला थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, हवं असतं आणि शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. म्हणून अशा पेशंटला आधी थायमिन देतात, किलोमागे दिवसाला दहा किलोकॅलरीच्या आसपास, कधी त्याहूनही कमी, अशी सुरुवात करतात आणि रोज रक्त तपासत आहार चढवत नेतात. डबा परत पाठवताना समोरच्या बाईंचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. तिथे घाई नसते, पण खायला घालायचं असतंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि हे सांगायला मला वेळ काढावाच लागतो.

"वय झालं, आता भूक ती काय असणार" हेही तपासून बघायला हवं. २०२१ साली हर्मन पाँट्झर आणि अनेक सहकाऱ्यांनी आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतच्या सहा हजारांहून अधिक माणसांची मोजमापं एकत्र केली. शरीराचा आकार आणि बांधा लक्षात घेतला तर विशी ते साठी ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर दिसला आणि साठीनंतर तो वर्षाला एक टक्क्याहूनही कमी गतीने उतरला. म्हाताऱ्या माणसाची भूक मंदावते ती जेवढी, तेवढी त्याची गरज कमी होत नाही.

आणि म्हातारपणी खाटेवरचे दिवस फार महाग पडतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठ स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. आजार नव्हता, ताप नव्हता, ताट समोर येत होतं. म्हणून आजारी ज्येष्ठांना किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्यावीत असं आम्ही मानतो. ती रात्रीच्या एकाच जेवणात न घालता सकाळपासून वाटून द्यावीत, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की खाटेशेजारी उभं तरी करावं, कारण नुसत्या प्रथिनांनी स्नायू टिकत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हा आकडा परस्पर लावू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

माझी सगळ्यांत मोठी अडचण केसपेपरवर असते. 'आहार घेतला' एवढे दोन शब्द. किती घेतला, ते नाही. ताटावरचं झाकण उचललं की कळतं, पातळ पदार्थ संपलाय, बाकीचं कडेला ढकललंय, प्रथिनांची वाटी तशीच्या तशी. म्हणून सोबतच्या माणसाला मी वही ठेवायला सांगते. काय वाढलं ते लिहू नका, काय पोटात गेलं ते लिहा. पाव, अर्धं, पाऊण, सगळं, इतकं पुरे. घरी नेल्यावर आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करा. अंगावर सूज असेल तर वजन फसवतं, तेव्हा पोटरीचा सगळ्यात जाड घेर मापाच्या फितीने बघा. तो ३१ सेंटिमीटरच्या खाली गेला असेल, किंवा वजन दोन आठवडे सलग उतरत असेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, वही घेऊन आधीच या.